सर म्हणतात, आता थांबलीस तर परत येणार नाहीस

पत्र

मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या सत्रात आहे. मार्क पहिल्यापासून चांगले. पुढच्या शिक्षणासाठी एका नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फीसाठी कर्ज काढावं लागेल. त्याच आठवड्यात एका विमा कंपनीने नोकरी देऊ केली. काम दाव्यांच्या नोंदी तपासून नीट करण्याचं, म्हणजे रटाळच. सर म्हणतात, आता थांबलीस तर परत येणार नाहीस. बाबा म्हणतात, एकदाचं काय ते शिकून मोकळी हो. मैत्रिणी सगळ्या पुढे शिकताहेत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात तिथून बाहेर पडलेल्यांचा सरासरी पगार दिलाय, तो खूपच चांगला आहे. विषय मला आवडतो. यंदा आम्ही एका पाहणीवर प्रकल्प केला. त्यात जवळजवळ निम्म्या लोकांनी उत्पन्नाचा रकाना कोरा सोडला होता. त्या कोऱ्या रकान्यांचं काय करायचं, यावर मी रात्री जागवल्यात. दोन्हीकडे तीन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. काय करू?

— शेवटच्या सत्रातली एक विद्यार्थिनी

उत्तर

तुला ‘तू’ म्हणते. माझ्या वर्गात असतीस तर तेच म्हटलं असतं.

पत्र तीनदा वाचलं. त्यात सर बोलतात, बाबा बोलतात, मैत्रिणी न बोलताच बरंच बोलून जातात. तुझा स्वतःचा आवाज एकाच ठिकाणी ऐकू येतो, त्या कोऱ्या रकान्यांपाशी. विद्यापीठाबद्दल तू ‘नावाजलेलं’ एवढंच लिहिलंस. तिथे काय शिकवतात, कोण शिकवतं, तुझ्या प्रश्नावर तिथे कुणी काम करतं का, यातलं काहीच नाही. नोकरीबद्दलही ‘रटाळ’ या एका शब्दात आटोपलंस. म्हणजे दोन्ही बाजूंचे महत्त्वाचे रकाने तूही कोरेच सोडलेस.

माझा कल आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तू तोच शोधत बसशील. नोकरी घे, आणि विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का ते लेखी विचार. हा कल फिरवू शकतील अशा काही गोष्टी आहेत. त्या तुझ्या पत्रात नाहीत, म्हणून पुढे सांगते.

काही जणांना हा प्रश्न पडतच नाही. डॉक्टर किंवा वकील व्हायचं असेल तर त्या शिक्षणाशिवाय कुणी दारात उभं करत नाही. तिथे ‘आधी नोकरी की आधी शिक्षण’ हा वाद फुकाचा. विद्यापीठात शिकवायचं असेल, स्वतःचं संशोधन करायचं असेल, तर पीएचडीचा रस्ता धरावाच लागतो, आणि तो माहीत असेल तर उगाच वळसा कशाला? उलट एमबीएसारख्या अभ्यासक्रमांत, निदान चांगल्या मानल्या जाणाऱ्या बऱ्याच ठिकाणी, दोन-चार वर्षं काम केलेली माणसंच हवी असतात. तू या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहेस. तुझ्या विषयात पदवीवरही काम मिळतं आणि पुढच्या पदवीवर वेगळं काम मिळतं. म्हणून तुला हिशेब करावा लागणार.

तर हिशेबच करू. पैशाचा हिशेब कुणी उघडपणे मांडत नाही. शिक्षणाची किंमत काढायची असं म्हटलं की घरातली माणसं अवघडतात. पण कर्ज फेडणार तू आहेस.

समज, आज देऊ केलेला वर्षाचा पगार १००. कुठलंही चलन धर. दरवर्षी तो ८ टक्क्यांनी वाढतो असं मानू. दोन वर्षं शिकायला गेलीस तर पहिल्या वर्षीचे १०० आणि दुसऱ्या वर्षीचे १०८, असे २०८ हातचे गेले. फीसाठी १२० कर्ज काढलंस, व्याज १० टक्के, आणि शिकत असताना हप्ता भरायचा नाही. तरी व्याज चढतच राहतं, त्यामुळे दोन वर्षांनी ते १४५ होतं. एकूण ३५३. राहण्या-जेवण्याचा खर्च मी धरला नाही, कारण तो दोन्हीकडे होणारच.

आता तिसऱ्या वर्षी काय? नोकरीत राहिली असतीस तर पगार ११७च्या आसपास असता. पदवी घेऊन आलीस आणि १३० मिळाले, तर वर्षाचा फरक १३. त्या गतीने ३५३ भरून निघायला २७ वर्षं. पण १६० मिळाले, तर फरक ४३ आणि ८ वर्षं. आणि विद्यापीठाने फी माफ करून वर वर्षाला ४० विद्यावेतन दिलं, तर खर्चच १२८वर येतो, आणि त्याच ४३च्या फरकाने ३ वर्षांत तू मोकळी होतेस. एकच पदवी, तीच तू. आणि उत्तरं २७ वर्षं, ८ वर्षं, ३ वर्षं अशी. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, आणि फरक दरवर्षी तेवढाच राहील हे मानणंही ढोबळच आहे. तुझे खरे आकडे घालून हेच कोष्टक तू अर्ध्या तासात मांडशील, तेही माझ्यापेक्षा नीट.

आपण पैशासाठी शिकत नाही, असं तू म्हणशील. मान्य. मग २७ वर्षांचं उत्तर आलं तरी जा, पण ते माहीत असून जा. आवडीसाठी मोजलेली किंमत आणि न बघता भरलेली किंमत यांत फरक आहे. दुसरी मागाहून बोचते.

त्या १३० आणि १६० यांतला खरा आकडा कुठला, हेच तर तुला माहितीपत्रकातून मिळालं असं वाटतंय. ‘सरासरी पगार खूपच चांगला’ हे वाक्य तू लिहिलंस तेव्हा मी मनातल्या मनात डोक्याला हात लावला. अगं, तूच ना ती रकान्यांची? तो सरासरी पगार किती जणांच्या उत्तरांवरून काढला? उत्तर कुणी दिलं नाही? ज्याला सहा महिने नोकरी मिळाली नाही तो विद्यापीठाच्या पत्राला आनंदाने उत्तर देईल का? आणि मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा, का दिला नाही? दोघं-तिघं मोठ्या पगारावर गेले की सरासरी कशी वर सरकते, हे तू पहिल्या वर्षीच शिकलीस. विभागाला पत्र लिही: मागच्या तुकडीत किती विद्यार्थी होते, किती जणांनी माहिती दिली, मध्यक काय, आणि ‘नोकरी लागली’ असं म्हणताना कुठलंही काम धरलंय का. ते सरळ उत्तर देतात की गोलगोल, यावरूनही विभाग कळतो.

आणखी एक पाहणी करून बघ. पाच वर्षांनी तुला जी कामं करायला आवडतील अशा तीस जाहिराती गोळा कर. आजच्या पात्रतेच्या नकोत, पाच वर्षांनंतरच्या हव्यात. किती जाहिरातींत पुढची पदवी आवश्यक आहे, कितींत ‘असल्यास प्राधान्य’ आहे, कितींत तिचा उल्लेखच नाही, ते मोज. मी पूर्वी एका ठिकाणी माणसं निवडायच्या समितीवर होते. ‘प्राधान्य’ लिहिलेल्या जागांवर तीन वर्षांचा कामाचा अनुभव पदवीच्या जागी सर्रास चालायचा. ‘आवश्यक’ लिहिलेल्या जागांवर अर्ज वरच्या वर बाजूला पडायचे, माणूस कितीही हुशार असला तरी. पदवीतून ज्ञान मिळतं हे खरंच, पण निवडणाऱ्याच्या दृष्टीने ती एक खूणही असते. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये हेच मांडलं होतं: नोकरी देणाऱ्याला माणसाची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीवरून ती ओळखतो. २००१च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तुझ्या बाबतीत ही खूण तुला कुणाला दाखवायची आहे? त्या तीस जाहिरातींतून त्याचं उत्तर मिळेल.

आता सर. ‘आता थांबलीस तर परत येणार नाहीस.’

त्यांचं अर्धं बरोबर आहे. खूप जण परत येत नाहीत, हे मीही पाहिलंय. पण ते अभ्यासाची सवय मोडली म्हणून, असं सगळे म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. मी स्वतः नोकरी करून शिकायला परत आलेले विद्यार्थी शिकवले आहेत. पहिले दोन महिने ते चाचपडायचे, सिद्धता लिहिताना हात अडायचा. नंतर वर्गात नेमके प्रश्न तेच विचारायचे. माणसं परत येत नाहीत ती पगारामुळे. पगार आला की खोली मोठी होते, मग गाडीचा हप्ता सुरू होतो, आणि दोन वर्षांनी विद्यावेतनावर जगायचं म्हणजे राहणीमान निम्म्यावर आणायचं. ते कुणाला जमत नाही. सवय लागते ती हप्त्यांची.

यावर उपाय आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. परत शिकायला जाईपर्यंत एकही नवा हप्ता सुरू करायचा नाही. आता विद्यार्थी म्हणून जशी राहतेस तशीच राहायचं. जी रक्कम उरेल ती वेगळ्या खात्यात, फीच्या नावाने. वर मांडलेल्या हिशेबात १२०चं कर्ज होतं. त्यातलं निम्मं जरी साठलं तरी कोष्टकाचं रूप बदलतं. हे करायची तुझी तयारी नसेल तर सरांचं ऐक आणि आताच जा. हे मी गंमतीत म्हणत नाही.

मी स्वतः न थांबता पुढे शिकले. कारण विचारशील तर, दुसरं काही सुचलं नाही. मार्क चांगले होते, अर्ज भरला, प्रवेश मिळाला. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांकडे जो शिल्लक होता तो घेतला. वाईट काही झालं नाही, पदवी मिळाली. पण दोन वर्षं मी दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, आणि माझा प्रश्न कुठला हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हा परत शिकायला जायची ताकद नव्हती. म्हणून माझा कल असा आहे. माझ्या अनुभवाला किती किंमत द्यायची ते तू ठरव.

तुझ्याच विषयातला एक माणूस घे. टी-चाचणी, मोजक्या नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत भरवशाचा ते तपासणारी, तू शंभरदा वापरली असशील. ती ‘स्टुडंट’ची चाचणी म्हणून ओळखली जाते, पण हा ‘स्टुडंट’ त्या वेळी कुठल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता. विल्यम गॉसेट ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकला आणि १८९९मध्ये डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. तिथे सातू आणि हॉप्स यांच्या चाचण्या चालत. प्रत्येक चाचणीत नमुने मोजकेच, आणि त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर बेतलेलं. चार-पाच आकड्यांवरून निष्कर्ष काढला तर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्याला कामाने घातला. सात वर्षं नोकरी झाल्यावर, १९०६-०७मध्ये, तो कंपनीकडून लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेला, तो हा प्रश्न खिशात घेऊन. १९०८मध्ये लेख छापून आला. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून खाली ‘स्टुडंट’ ही सही. परत येऊन नोकरीच करत राहिला.

एका उदाहरणावरून नियम काढू नये, आणि छोट्या नमुन्यांच्या माणसाचंच उदाहरण देऊन तसं करणं तर शोभतच नाही. न परतलेल्यांच्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही, हेही आलंच. मी गॉसेट आठवला तो एवढ्यासाठी की ‘रटाळ’ हा तुझा शब्द मला खटकला.

विमा कंपनीच्या दाव्यांच्या नोंदी! त्यात किती रकाने कोरे असतील याची कल्पना आहे का तुला? अपघाताची तारीख आहे पण वेळ नाही, रक्कम आहे पण कारण नाही. आणि कोऱ्या रकान्यांमागे कारणं असतात: कुणी विसरलं म्हणून, कुणी लपवलं म्हणून, तर कुठे अर्जातली ओळच अशी लिहिलेली की कुणाला समजली नाही म्हणून. १९७६मध्ये संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी गहाळ माहितीवर जो लेख लिहिला, त्याचा गाभाच हा की माहिती का गहाळ झाली हे ठरवल्याशिवाय तिचं काय करायचं हे ठरवता येत नाही. प्रकल्पासाठी तू तो विचार नक्की वापरला असशील. वर्गात तू रकाने कोरे असलेली तयार फाइल पाहिलीस. इथे ती कोरी कशी राहते ते समोर दिसेल. आणि विम्याचा आपल्या विषयाशी संबंध आजचा नाही. एडमंड हॅली, धूमकेतूवाले तेच, यांनी १६९३मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कुठल्या वयाची किती माणसं हयात राहतात याचा तक्ता बांधला आणि त्यावरून वार्षिकीची, म्हणजे हयात असेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेची, किंमत कशी काढायची ते दाखवलं. त्या नोंदीही कुणीतरी रटाळपणे लिहून ठेवलेल्याच होत्या.

अर्थात काम खरोखरच रटाळ निघू शकतं. वर्षभर फक्त स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करायला लावतील. म्हणून होकार देण्याआधी विचार: पहिल्या वर्षानंतर याच जागेवरची माणसं कुठे जातात? त्यांतल्या कुणाशी अर्धा तास बोलायला मिळेल का? बंधपत्र आहे का, असेल तर किती काळाचं, सोडताना किती दिवस आधी सांगावं लागतं? शिक्षणासाठी रजा किंवा फीला मदत मिळते का, आणि मिळाली तर नंतर किती वर्षं बांधून घेतात? विमा कंपनीत ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षांचीही वाट असते. त्या परीक्षा बहुतेक जण नोकरी करता करताच देतात, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी अभ्यासाची सुट्टीही देतात. तुझ्या दोन पर्यायांच्या मधला हा तिसरा पर्याय तुझ्या पत्रात नव्हता. तो सोपा नाही, वर्षानुवर्षं चालतो. पण विचारात घे.

आता माझा कल कशाने फिरेल ते. विद्यापीठाने फी माफ केली किंवा मोठी शिष्यवृत्ती दिली आणि ती पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नसेल, तर जा. त्या विभागात गहाळ माहितीवर काम करणारं कुणी असेल आणि तुझ्या पत्राला त्यांनी दोन ओळींचंही खरं उत्तर दिलं, तर जा. कर्ज असलं तरी तेव्हा मी तुला अडवणार नाही. तीस जाहिरातींपैकी वीसांत पदवी ‘आवश्यक’ निघाली, तर तेव्हाही जा. आणि पीएचडीच करायची असं मनात असेल तर वेगळंच बोलू. अमेरिकेसारख्या ठिकाणी अनेक विज्ञान शाखांत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात, फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं; मग कर्ज काढून मधली पदवी करायची का, हाच प्रश्न उभा राहतो.

‘मैत्रिणी जाताहेत’ हे कारण मी कुठेच धरलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. बाबांचं ‘मोकळी हो’ हे काळजीपोटी आहे. त्यांना वरचं कोष्टक दाखव. आकडे बघून त्यांचं मत बदलेल किंवा बदलणार नाही, पण बोलणं तरी मुद्द्याचं होईल.

तीन आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात तीन पत्रं पाठव: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याबद्दल विद्यापीठाला (भरलेली रक्कम आणि शिष्यवृत्ती दोन्ही पुढे नेता येतील का, हे स्वतंत्रपणे विचार, प्रवेश पुढे जातो आणि शिष्यवृत्ती जात नाही, असंही होतं), पगाराच्या आकड्यांबद्दल विभागाला, आणि कोऱ्या रकान्यांवर काम करणारं जे कुणी सापडेल त्यांना. दुसऱ्या आठवड्यात जाहिराती मोज, आणि त्या विद्यापीठातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघांशी बोल. दहा वर्षांपूर्वीच्यांशी नको, त्यांच्या आठवणी आता गोड झालेल्या असतात. जमलं तर अर्धवट सोडून गेलेलं कुणी शोध. तिसरा आठवडा रिकामा ठेव, उत्तरं उशिरा येतात.

थांबायचं ठरलंच तर आणखी दोन कामं. जीआरई, म्हणजे परदेशी विद्यापीठांत पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणारी परीक्षा, दिली असशील तर तिचा निकाल ५ वर्षं चालतो. दिली नसशील आणि पुढे लागण्यासारखी असेल, तर परीक्षेचा हात चालू आहे तोवर देऊन टाक. आणि सरांकडून शिफारसपत्र आताच मागून घे. तू त्यांच्याकडे काय काय केलंस, त्याचं एक पान लिहून त्यांना दे. दोन वर्षांनी त्यांना तुझं नाव आठवेल, पण कोऱ्या रकान्यांसाठी तू काय युक्ती काढली होतीस ते आठवणार नाही. परत येणार आहेस म्हणून पत्र मागतेयस, हे त्यांना स्पष्ट सांग. त्यांची काळजी खरी आहे, आणि दर सहा महिन्यांनी त्यांना चार ओळी लिहिल्यास तर परत यायची आठवण ते स्वतःच करून देतील.

विद्यापीठाचं उत्तर आलं की मला कळव. त्यात शिष्यवृत्तीबद्दल जे वाक्य असेल ते जसंच्या तसं उतरवून पाठव, तुझ्या शब्दांत नको.